शांत चेहऱ्याचा गुन्हा काय?

मराठीत आपण नाक मुरडतो, डोळे वटारतो, कपाळाला आठ्या घालतो. उर्दूत त्योरी चढवतात. इंग्रजी बोलीतली ‘साइड आय’ म्हणजे तिरकी नजर आणि ‘स्टिंक आय’ म्हणजे जळजळीत नजर, हीही त्यातलीच. या सगळ्यांत माणूस काहीतरी करतो, आपली नाराजी दाखवतो.

‘रेस्टिंग बिच फेस’ हा शब्द मात्र वेगळा आहे. २०१३ च्या एका विनोदी व्हिडिओनंतर तो जगभर पसरला. इथे कुणी काहीच केलेलं नसतं. चेहरा नुसता शांत असतो. बघणाऱ्याला तो रागीट वाटतो आणि दोष मात्र त्या बाईला लागतो. त्यातली शिवीही बाईसाठीच घडलेली. गंभीर पुरुष आपल्याला विचारी वाटतो. गंभीर मुलीला मात्र आपण विचारतो, “तोंड का पाडलंस?”

हा शब्द आता मोबाइलवरून वर्गात येतो आणि मुलीच तो एकमेकींना चिकटवतात. शिक्षकांनी त्यावर बंदी घालू नये, त्याचा अर्थ उलगडून सांगावा. मुलींनी जरूर हसावं, पण त्यांना हसू येईल तेव्हा. सतत हसतमुख राहणं हा काही शाळेचा गणवेश नाही.