सोफ्याखालची पाहुणी

गेल्या जुलैत एगैलात आमच्या पार्किंगमध्ये गाडीखाली मांजराचं पिल्लू सापडलं. ज्या देशात २०१६च्या जुलैत मित्रिबाला ५३.९ अंशांची नोंद झाली, तिथे त्याला तसंच सोडणं जिवावर आलं. टॉवेलात गुंडाळून वर आणलं, तर बाईसाहेब थेट सोफ्याखाली!

‘दूध द्या’, सगळ्यांचा सल्ला. पण गाईच्या दुधानं मांजराचं पोट बिघडतं. पाणी आणि पिल्लांचं ओलं खाणं ठेवलं. दोन दिवस तोंड लावलं नाही. आमच्याही घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या रात्री वाटी रिकामी.

पिल्लं साधारण दोन ते सात आठवड्यांत चटकन माणसाळतात. ही त्याहून मोठी, म्हणजे घाई करून भागणार नव्हतं. रोज संध्याकाळी आम्ही जमिनीवर बसायचो, वाटी वीतभर अलीकडे सरकवायचो. टक लावून पाहणं मांजराला धमकी वाटते. ससेक्स विद्यापीठाच्या २०२०च्या प्रयोगात मात्र अनोळखी माणसानं डोळे सावकाश मिटले-उघडले, तर मांजरं त्याच्या हाताजवळ जास्त येताना दिसली. झालं! आम्ही दोघं सोफ्यासमोर डोळे मिटत-उघडत बसलेलो. शेजारच्या वहिनी पाहून गेल्या, काय समजल्या देव जाणे.

अकराव्या दिवशी तिनंही डोळे मिटले. विसाव्या दिवशी बोट हुंगलं. उचलून मात्र अजून घेऊ देत नाही.