ओटा, पिल्लू आणि आपण

मांजराचं पिल्लू ओट्यावर चढायला लागलं की काय करावं, हा या स्तंभाकडे सर्वाधिक येणारा प्रश्न. त्यावर ऐकू येणारा नेहमीचा सल्ला म्हणजे तोंडावर पाण्याचा फवारा मारा. मला तो मुळीच मान्य नाही. ओट्याच्या कडेला तिखट भुरभुरवणं तर निव्वळ क्रौर्य आहे, कारण पंजाला लागलेलं तिखट चाटताना जिभेवर आणि तोंड पुसताना डोळ्यांत जातं. फवाऱ्यानं पिल्लू एवढंच शिकतं, की माणूस समोर असताना वर जायचं नाही. रात्री सगळे झोपले की ओटा त्याचाच. शिवाय माणसाच्या हाताची भीती बसते ती वेगळीच.

मांजर शिकार करतं, तसं मोठ्या जनावरांची शिकारही होतं. त्यामुळे उंचावर बसून सगळीकडे नजर ठेवणं ही त्याची गरज आहे, खोडी नव्हे. आपल्या फ्लॅटमध्ये त्याला सहज गाठता येणाऱ्या उंच जागा दोनच, जेवणाचं टेबल आणि ओटा. ओट्यावर तर खिडकी आहे, ठिबकणारा नळ आहे आणि नुकत्याच साफ केलेल्या बोंबलांचा वासही आहे.

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर पेटीत, खाणं बाहेर. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं. आधी नुसतं ओरबाडणं चाले, मग हळूहळू सुटकेला लागणारा वेळ कमी होत गेला. ज्या कृतीनं फळ मिळतं, ती मांजर पुन्हा करतं. ओट्यावर उघडं राहिलेलं सायीचं पातेलं हे असंच फळ आहे. एकदा मिळालं की पुढचे कित्येक दिवस पिल्लू ते शोधायला वर येणार.

आपल्या जुन्या घरांनी हे ओळखलं होतं. मांजराला शिस्त लावत बसण्यापेक्षा त्यांनी दूध-दही शिंक्यावर टांगलं, उरलंसुरलं जाळीच्या कपाटात ठेवलं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावणारच. तेव्हा पहिलं काम आपलं: झाकणं, रिकामा ओटा, रात्री घासून ठेवलेली भांडी. ओटा पुसायला फिनाइल मात्र नको. त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पायाला लागलेलं सगळं ते चाटतंच. साबणाचं पाणी पुरतं.

दुसरं काम, ओट्याइतकीच उंच अशी त्याची स्वतःची जागा. स्वयंपाकघराच्या दाराशी एक उंच, न डगमगणारं स्टूल, त्यावर जुन्या साडीची घडी. पिल्लू ओट्यावर आलं तर न ओरडता उचलून तिथं ठेवायचं. आपण होऊन तिथं बसलं की लगेच उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा, बिनमिठाचा आणि कांदा-लसणाशिवाय, कारण कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. स्वयंपाकाला लागण्याआधी दोरीशी दमेपर्यंत खेळवून जेवू घातलं तर फोडणीच्या वेळी बहुधा ते झोपलेलं असतं.

गरम शेगडीनं पंजे भाजतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्पर्शावर चालणाऱ्या विजेच्या शेगडीचा धोका कमी जणांना माहीत असतो. दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या अग्निशमन विभागानं २०१९ ते २०२१ या काळात मांजरांमुळे लागलेल्या शंभराहून अधिक आगी नोंदवल्या. बरेचदा पंजानं शेगडीच सुरू झाली होती. इंडक्शन वापरत असाल तर काम संपताच भिंतीवरचं बटण बंद करा.

सगळ्यांत अवघड असतं ते घरातल्यांचं एकमत. बाकीचे आठवडाभर नियम पाळतात आणि मासे साफ करता करता आजी प्रेमानं ‘ये गं मने’ म्हणत एक तुकडा ओट्यावरच पुढे सरकवतात. अधूनमधून मिळणाऱ्या अशा घासानं लागलेली सवय रोजच्या घासापेक्षाही चिवट असते. आजींचा हात थांबवायची गरज नाही. मनीची वाटी फक्त स्टुलावर ठेवा, आणि तुकडा त्यात पडू द्या.