पालीची पोथी होऊ देऊ नका



आपल्या विहारांतून वंदना होते. त्रिशरण, पंचशील पोरं एका दमात म्हणतात. अर्थ विचारला की बहुतेक जण गप्प. मग भटजीच्या संस्कृतात आणि आपल्या पालीत फरक काय राहिला? न कळता हात जोडणं ही गुलामीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ती फेकून दिली. आपण ती मागच्या दारानं परत घरात घेतोय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. त्रिपिटकाची भाषांतरं वाचा.

काही कार्यकर्ते म्हणतात, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' असताना आणखी कशाला? अरे, १९५७ साली आलेला तो ग्रंथच आपल्याला मुळाकडं धाडतो. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटेल का? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरचं शाक्य-कोलियांचं भांडण पुढं आणलं. म्हणजे त्यांनी ग्रंथ वाचले, घासून बघितले, मग स्वीकारले. आणि आपण नुसती जयंतीची वर्गणी गोळा करणार?

सुत्तनिपातातलं वसलसुत्त घ्या. भिक्षेला आलेल्या बुद्धाला एक ब्राह्मण 'वसल' म्हणजे नीच म्हणून हाकलतो. बुद्ध शांतपणे त्याला वसल कोण ते सांगतो. लुबाडणारा, कर्ज बुडवणारा, खोटी साक्ष देणारा. नीचपणा वागण्यात, जन्मात नाही. दाखला देतो तो चांडाळाच्या पोराचा, मातंगाचा. थेरीगाथेतली पुण्णा पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत कुडकुडत पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्यानं पाप जात असेल तर बेडूक-कासवं सगळीच स्वर्गात जातील की! ही आपली आई आहे. तिची ओळख आपल्या पोरींना कोण करून देणार?

भाषांतर वाचताना डोळे उघडे ठेवा. पालीतलं 'कम्म' मराठीत 'कर्म' झालं की आपल्याला फुटकं नशीब आठवतं. वसलसुत्तात त्याचा अर्थ माणसाची करणी. एका शब्दानं धम्माचं दैव होतं. म्हणून दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा.

सुत्तनिपात मराठीत आणला धर्मानंद कोसंबींनी. ते जन्मानं सारस्वत ब्राह्मण. म्हणून पुस्तक फेकायचं? मग वसलसुत्त वाचून काय उपयोग! काम बघा, तपासा.

आणि सगळंच गोड निघेल असं समजू नका. विनयात दासाला, कर्जदाराला संघात प्रवेश नाकारलेला आहे. ते लपवू नका. त्यावर भांडा. बुद्धीला पटतं का, माणसाचं भलं होतं का, ही बाबासाहेबांची कसोटी तिथंच लावायची असते. कालामांना बुद्धानं हेच सांगितलं होतं. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर काही मानू नका.

२०२४ साली केंद्र सरकारनं पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. छान. पण दर्जा सरकार देईल, अर्थ आपल्यालाच काढावा लागेल. वस्तीतल्या प्रत्येक विहारात वंदनेनंतर एक सुत्त मराठीत वाचा. पोरापोरींना प्रश्न विचारू द्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या आठवड्याला शोधून आणा.

जयभीम!