आजीच्या आवाजाचं भाडं मी का भरू?

‘मोताळ्यात सर्व्हर? कापसाचे पैसे असे उडवणार?’ असं मला ऐकवतात. हो, असेच! आजीच्या जात्यावरच्या ओव्या आता फक्त माझ्या रेकॉर्डिंगमध्ये उरल्यात. त्या ऐकायला जन्मभर दरमहा भाडं भरणं मला मान्य नाही. गूगल फोटोजने १ जून २०२१ला अमर्याद फुकट साठवण बंद केली. आता फुकटात मिळतात १५ जीबी, पुढे मीटर चालू.

म्हणून जुना डेस्कटॉप, लिनक्स आणि दोन हार्ड डिस्क. गावात नेट रडतं, कबूल. पण घरातल्या घरात फाइल फिरवायला इंटरनेट लागतच नाही! १०० एमबीपीएसच्या स्विचवरून सेकंदाला जेमतेम १२ एमबी जातात, गिगाबिटवरून शंभराच्या वर. म्हणजे चुलतभावाच्या लग्नाचे ५० जीबी तासाभराऐवजी आठ मिनिटांत. हजारोंच्या डिस्क घेऊन स्विचमध्ये कंजुषी करणाऱ्यांना काय म्हणावं?

आणि दोन डिस्कवर तेच ते ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. माझी तिसरी प्रत बुलढाण्याला आहे, मावशीच्या कपाटात, साड्यांखाली.