कळविण्यात येते की...

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एक पाहुणी जेवायला होती. पाहुणी म्हणजे तशी घरचीच. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत होतो. तिथल्या आमच्या शिपाईमामांची ही थोरली मुलगी. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रप्रमुख आहे. दहा-अकरा शाळा, तिथले तीसेक शिक्षक आणि वरची कार्यालये यांच्यामधला दुवा म्हणजे ती. मला अजूनही 'साहेबकाका' म्हणते. मामा मला साहेब म्हणत आणि आई तिला 'काकांना नमस्कार कर' म्हणे. त्या दोहोंतून लहानपणी तयार झालेला तो शब्द.

पानात वरणभात पडला आणि तिचा फोन वाजू लागला. एकदा, दोनदा, पाचदा. माझ्या पत्नीने न राहवून विचारले, "अगं, दिवाळीची सुट्टी आहे ना तुम्हाला?"

"शाळेला आहे काकू, ग्रुपला नाही," ती हसत म्हणाली.

जेवण झाल्यावर तिने तो ग्रुप मला दाखवला. निवृत्त बँक अधिकाऱ्याला आकडे मोजायची खोड असतेच. सकाळपासून सत्तावीस निरोप आले होते. 'अत्यंत तातडीचे.' 'आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत.' 'खालील लिंकवर माहिती भरावी.' 'माहिती निरंक असल्यास निरंक अहवाल पाठवावा.' 'विलंब झाल्यास सर्वस्वी आपणास जबाबदार धरण्यात येईल.' सत्तावीसपैकी चोवीस निरोप काही ना काही मागत होते. दोन दिवाळीच्या शुभेच्छा होत्या. आणि एक होती बातमी : त्याच केंद्रातले एक निवृत्त मुख्याध्यापक आदल्या रात्री वारले होते. त्याखाली सात-आठ जोडलेले हात आणि लगेच पुढचा निरोप, शाळेतील बाकांची संख्या तात्काळ कळवावी.

मला त्या मागण्यांचे फारसे नवल वाटले नाही. सरकारी यंत्रणा म्हटली की माहिती मागणारच. बँकेतही आम्ही तेच केले. मला खुपले ते असे, की या सगळ्याला त्या खात्यात 'सूचना व अद्ययावत माहिती' म्हणतात. माहिती तर वर चालली होती. खाली काय येत होते?

केंद्र ही कल्पना मुळात कशासाठी निघाली, हे आज बऱ्याच पालकांना माहीत नसते. १९९४ सालच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने केंद्रशाळांची योजना आणली. साधारण दहा प्राथमिक शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. राज्यभरात अशी चार हजार आठशे साठ पदे ठरली. एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळेत वर्षानुवर्षे एकटा पडलेला गुरुजी महिन्यातून एकदा दुसऱ्या गुरुजींना भेटावा, आपली अडचण सांगावी, दुसऱ्याची युक्ती ऐकावी, हा त्यामागचा हेतू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात 'डाएट' म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. पुढे सर्व शिक्षा अभियानाच्या काळात तालुक्याला गटसाधन केंद्र आले, विषयांचे साधनव्यक्ती आले. या नावांकडे नीट पाहा. 'साधन' हा शब्द त्यांत उगीच आलेला नाही. शाळेची तपासणी करणारे खाते आधीपासून होतेच. ही नवी माणसे शाळेच्या पाठीशी उभी राहण्यासाठी नेमली गेली. तपासनिसाने कागद मागावा हे समजू शकते. पण आधाराला नेमलेला माणूसच दिवसभर कागद मागत बसला, तर आधार कोणी द्यायचा?

याहून मागे जाऊ. गेल्याच्या गेल्या शतकात आपल्याकडे शिक्षण खात्याच्या आश्रयाने 'शालापत्रक' नावाचे मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते चालवले. विष्णुशास्त्र्यांचे कालिदास, भवभूती, बाण यांच्यावरचे निबंध आधी त्यात छापून आले. खात्याच्या मासिकातून खेड्यातल्या मास्तराच्या हाती बाणभट्ट पडत होता! पुढे त्यातला मजकूर सरकारला मानवेना आणि १८७५ साली ते बंद झाले, हेही खरे. पण मास्तराला काहीतरी द्यायचे असते, त्याच्याकडून केवळ घ्यायचे नसते, एवढी जाण त्या मासिकामागे होती.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. तो सांगितल्याशिवाय दुसऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

आमच्या काळी बँकेत मुख्य कार्यालयाची परिपत्रके टपालाने येत. प्रत्येकाला क्रमांक, तारीख, विषय आणि मागील संदर्भ. ती फाइलीला लागत. वर कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी चिकटवलेली असे. वाचले, की आपल्या नावापुढे सही करायची. तपासणीला येणारे अधिकारी आधी ती यादी पाहत. सगळ्या सह्या असल्या, की शाखा व्यवस्थित चालली आहे असे मानायचे.

१९९१ च्या पावसाळ्यात असेच एक परिपत्रक आले. दोन पानांचे, इंग्रजीत. शिपाई आणि तत्सम कर्मचाऱ्यांच्या मुलांना दहावी-बारावीच्या पुढे शिकायचे असेल, तर बँकेच्या कल्याण निधीतून मदत मिळणार होती. अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत. मी वाचले, सही केली आणि विसरलो. तपासणी जवळ आली होती, म्हणून एका दुपारी मी फाइल घेऊन सगळ्यांच्या सह्या पुऱ्या करून घेतल्या. मामा चौथी शिकलेले. मी त्यांच्यापुढे फाइल सरकवली, नावावर बोट ठेवले आणि म्हटले, "मामा, इथे."

मामांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर काढत.

त्याच वर्षी त्यांची ही मुलगी बारावी होऊन जिल्ह्याच्या गावी डी.एड.ला लागली होती. फी, वसतिगृह, पुस्तके. मामांनी बायकोच्या पाटल्या सोनाराकडे ठेवल्या. बँकेत सोन्यावर कर्ज मिळते हे त्यांना ठाऊक होते, रोज तेच कागद ते या टेबलावरून त्या टेबलावर नेत होते; पण घरची अडचण साहेबांना कशाला सांगायची, म्हणून सोनार. डिसेंबरात प्रादेशिक कार्यालयातले एक अधिकारी आले आणि चहा पिता पिता सहज म्हणाले, "तुमच्या शाखेतून त्या शिक्षणाच्या मदतीसाठी एकही अर्ज आला नाही?" मामा तेव्हा कपबशा उचलत होते.

संध्याकाळी शाखा बंद करताना मी त्यांना म्हटले, "मामा, चुकलं माझं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

ते कुलूप लावत होते. मागे न वळता म्हणाले, "असू द्या साहेब. सही तर माझीच आहे."

पुढच्या वर्षी अर्ज मी स्वतः भरला आणि मदत मिळाली. पाटल्या मात्र सुटल्या नाहीत.

मी पुढे बरीच वर्षे अधिकारी होतो, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत माणसांच्या मनाविषयी पुष्कळ काही लिहिले. पण कळवणे आणि कळणे यांत किती अंतर असते, हे मला त्या एका वाक्याने शिकवले. परिपत्रक वेळेवर निघाले होते, पोचले होते, फाइलीला लागले होते, सही झाली होती. नियमाप्रमाणे कुणाचीच चूक नव्हती. फक्त ज्याच्यासाठी ते काढले होते, त्याला ते कळले नव्हते.

आजच्या ग्रुपवर सहीची जागा दोन निळ्या खुणांनी घेतली आहे. खुणा निळ्या झाल्या, की वरच्याने 'कळवले' असे समजायचे आणि खालच्याने 'जबाबदार' व्हायचे.

अधिकाऱ्यांची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. पूर्वी डोंगराआडच्या वाडीवर एक कागद पोचायला आठवडा लागे. प्रशिक्षण संपल्यावर प्रशिक्षणाची सूचना मिळाल्याच्या गोष्टी जुने शिक्षक हसत सांगतात. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा याच फोनवरून धडे पोचले, आणि ज्या घरी फोन नाही त्या घरी कोणी जायचे हेही याच ग्रुपवर ठरले. शिवाय केंद्रप्रमुख तरी काय करील? त्याला गटशिक्षणाधिकारी विचारतो, त्याला जिल्हा, जिल्ह्याला पुणे, पुण्याला मुंबई. केंद्रप्रमुखांची कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहत आली. तिथला कारभार शेजारच्याच्या गळ्यात. माणूस घाईत असला, की समजावून सांगत नाही, पुढे ढकलतो.

पण म्हणून हे असेच चालावे काय? शिक्षण हक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणबाह्य काम देऊ नये असे ठरवले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य शासनाने कोणते काम शैक्षणिक आणि कोणते अशैक्षणिक याची यादीही काढली. यादी चांगलीच आहे. पण वर्गात पाढे घेताना मध्येच फोन पाहून बाकांची संख्या भरणे हे कोणत्या रकान्यात टाकायचे? ते काम शाळेचेच असते, आणि त्या पाच मिनिटांत वर्गातली चाळीस मुले गुरुजींच्या तोंडाकडे पाहत बसतात. तुमच्या-आमच्या घरातले मूल त्या चाळिसांत असेल, तर हा प्रश्न खात्याचा राहत नाही.

मला तीन साध्या गोष्टी सुचतात, आणि त्या बँकेच्या अनुभवातून सुचतात.

पहिली, प्रत्येक सूचनेला क्रमांक आणि तारीख हवी, आणि जुनी सूचना रद्द झाली असेल तर तसे लिहिलेले हवे. रिझर्व्ह बँक एकेका विषयावरची परिपत्रके एकत्र करून मास्टर परिपत्रक काढत असे. २०२५ च्या नोव्हेंबरात तर तिने जुनी नऊ हजारांहून अधिक परिपत्रके मोडीत काढून त्यांचे २४४ निर्देशांत संकलन केले. देशाच्या बँकांचा पसारा जर असा आवरता येतो, तर शाळेने पोषण आहाराविषयी नेमके कोणते पत्र पाळायचे, हे एका जागी का सांगता येऊ नये?

दुसरी, एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये. पट, बाक, खोल्या, नळ, शौचालये ही सगळी माहिती शाळा दरवर्षी ऑनलाइन भरतेच. मागणाऱ्याने आधी आपले कपाट उघडून पाहावे.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : खालून वर गेलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हे खाली कळवावे. गळक्या छताचा फोटो पाठवला, तर छत कधी होणार याचे उत्तर यावे. 'नाही होणार' हे उत्तरही चालेल. ज्याला कधीच उत्तर मिळत नाही, तो हळूहळू खरे लिहायचे सोडतो आणि निरंक लिहू लागतो. निरंक लिहिणे सोपे असते. बँकेत बुडीत कर्जे याच वाटेने वाढलेली मी पाहिली आहेत.

हे सगळे मी त्या दिवशी जरा आवेशाने बोललो. ती ऐकून घेत होती. मग तिने फोनवर दुसरा एक ग्रुप उघडला, फक्त तिच्या केंद्रातल्या शिक्षकांचा. दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती त्यावर एकच निरोप टाकते. वर लिहिलेले असते, 'यात काही भरायचे नाही.' खाली चार-पाच ओळी. अमुक वाडीच्या बाईंनी वजाबाकी शिकवताना चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुरचुंड्या केल्या. एक सोडून दाखवली की मुलांना दशक मोडणे समजते. तमुक शाळेत दोन कपाटे जास्त आहेत, कुणाला हवी असल्यास न्यावीत. एका गुरुजींच्या आईचे ऑपरेशन झाले, आता बरे आहे. वैद्यकीय बिलाचा नवा नमुना असा आहे, शेवटची तारीख ही, अडल्यास मला फोन करा. आणि त्या वारलेल्या मुख्याध्यापकांवर तिने त्याच दिवशी तिथे दहा ओळी लिहिल्या होत्या : त्यांनी लावलेली शाळेपुढची चिंच, आणि ओढ्याला पूर आला की मुलांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडणे.

"हे तुला कुणी सांगितलं करायला? वरून आलंय?" मी विचारले.

"नाही काका. वरून कुठलं येतंय?" ती फोन पर्समध्ये ठेवत म्हणाली. "बाबा म्हणायचे, कुणाच्या हातात कागद दिला तर त्यात काय लिहिलंय तेही सांगावं. एवढंच."

मामा जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांनी तिला तो कागद कोणता हे सांगितले होते की नाही, ते मी विचारले नाही. पत्नी आतून फराळाचा डबा घेऊन आली. फोन पुन्हा वाजला. तिने तो पर्समधून बाहेर काढला नाही. आधी डबा घेतला, आम्हा दोघांना नमस्कार केला आणि मग पायऱ्या उतरता उतरता बाकांची संख्या कळवायला लागली.