अर्जाची पोच द्या

मा. राज्य मुख्य सेवा हक्क आयुक्त,
महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोग, मुंबई.

वडील गेल्यावर घरपट्टीला आईचं नाव लावायचं म्हणून मी आमच्या नगरपरिषदेत अर्ज घेऊन गेलो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र, कर भरल्याची पावती. टेबलावरच्या बाईंनी कागद चाळले. "ठेवून जा, साहेब बघतील." पोच मागितली, तर म्हणाल्या, "पोच कशाला? काम होईल ना." अर्ज गठ्ठ्यावर, पेपरवेटखाली गेला. तीन आठवड्यांनी कळलं, एका बहिणीची सही राहिली आहे. सही आणली, तेव्हा पाणीपट्टीचा नाहरकत दाखला हवा होता.

लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. अर्जाची पोच, त्यावर क्रमांक आणि काम किती दिवसांत होईल ती मुदत, हे अर्जदाराला कळवलंच पाहिजे असं तो सांगतो. दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे, अपिलं आहेत. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. पोचच नसेल तर दिवस कुठून मोजायचे आणि अपिलाला काय जोडायचं? माझा अर्ज सरकारी हिशेबात रखडलेलाच नाही, कारण तो आलेलाच नाही.

बाईंवर माझा राग नाही. दोन विभागांचं काम त्या एकट्या ओढतात. शेजारची खुर्ची कधीची रिकामी आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर क्रमांक आपोआप मिळतो, हेही खरं. पण आईच्या वयाची माणसं अजून कागद घेऊनच कचेरीची पायरी चढतात, आणि कायदा त्यांच्यासाठीही आहे.

स्वतःहून दखल घेण्याचा आणि कार्यालयं तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे. एखाद्या नगरपरिषदेत न कळवता या. आवक नोंदवही मागवा आणि टेबलावरच्या गठ्ठ्याशी ताडून पाहा. जो अर्ज गठ्ठ्यात आहे पण वहीत नाही, त्याबद्दल विचारा. त्रुटी असतील तर त्या एकाच वेळी, लेखी कळवायला लावा. कराचे पैसे भरले की त्याच इमारतीत शिक्क्याची पावती लगेच हातात पडते. अर्जाचीही तशीच मिळू शकते.

यंदाचं बिलही वडिलांच्याच नावे आलं. आईने रांगेत उभं राहून ते मुदतीत भरलं.

आपला,
एक करदाता