कळफलकाची बाराखडी

तंत्रलेखन शिकणारी मुले विचारतात, ‘सर, संगणकावर नेमकं काय शिकायचं?’ पहिला धडा इन्स्क्रिप्ट कळफलकाचा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आपली वर्णमालाच ती! १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी साधने घडवली. ती वापरायची कुणी? दुसरा धडा युनिकोडचा. जुन्या फाँटातली पंपाची माहितीपुस्तिका परक्या संगणकावर उघडली, की ‘आधी वीज बंद करा’ ही सूचनाच अगम्य चिन्हांत बुडते. तिसरा, मथळे हाताने ठळक न करता ‘स्टाइल’ लावून नेमावेत. अनुक्रमणिका मग संगणकच करून देतो. पण आधी काय सांगावे, नंतर काय, हे मात्र तो सांगत नाही. ते ज्याला उमगले, त्याच्याच भरवशावर शेतकऱ्याने पंपाला हात लावावा.